डोळ्यांवरची जवसाची पट्टी: घरी शिवायची कशी, बांधायची कशी

जवस घ्यायला जाल तेव्हा आधी मूठभर हातात घ्या आणि बोटांच्या फटींतून खाली सोडा. चांगलं जवस पाण्यासारखं घसरतं, हाताला गार लागतं आणि तळहातावर धूळ सोडत नाही. मग दोन-चार दाणे दाताखाली फोडून बघा. चव सौम्य लागली पाहिजे. कडवट लागलं, किंवा जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला, तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. ही पट्टी, म्हणजे जवस भरलेली कापडाची चपटी थैली, तुम्ही रोज नाकापासून दोन बोटांवर ठेवणार आहात.

मी वर्ध्यात शिवणकाम करते, सव्वीस वर्षं झाली. ब्लाउज, शाळेचे गणवेश, पिको-फॉल, आणि गेल्या काही वर्षांपासून डोळ्यांवरच्या पट्ट्या. पहिली पट्टी माझ्यासाठीच शिवली होती. २०२१च्या उन्हाळ्यात माझे मिस्टर अठरा दिवस दवाखान्यात होते. ते बरे होऊन घरी आले आणि मग माझं सुरू झालं. दिवेलागणीच्या वेळेला छातीत धडधड, तळहाताला घाम, आणि दोन भुवयांच्या मधे कोणी दोरा ओढून गाठ मारल्यासारखं. मशीनवर बसलं की सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, अँग्झायटी आहे म्हणाले, औषध दिलं, आणि काही महिने बोलायला बोलावलं. मला बरं वाटलं ते त्या उपचारानं. पट्टीनं काय दिलं, तर दिवसातली पंधरा मिनिटं, ज्यात कपाळावरची ती गाठ सैल व्हायची. तेवढंही त्या दिवसांत फार होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पट्टीची कल्पना योगवर्गात सुचली. आमच्या बाई पुण्याला अय्यंगारांच्या पद्धतीनं शिकलेल्या. बी. के. एस. अय्यंगारांनी १९७५ साली पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू केली. त्यांच्या पद्धतीत शवासनाला किंवा प्राणायामाला डोक्याभोवती, डोळ्यांवरून, क्रेप बँडेज गुंडाळतात. बाईंनी माझ्या डोक्याला ते पहिल्यांदा गुंडाळलं तेव्हा मी आतून दचकले, आणि दोन मिनिटांनी माझा जबडा आपोआप सुटला. दात इतके दिवस आवळलेले होते हे मला तेव्हा कळलं. पण बँडेज स्वतःच स्वतःला नीट गुंडाळता येत नाही, एकीकडे घट्ट होतं, एकीकडे निसटतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही शिवता ना, मग काहीतरी वजनाचं शिवा." घरी येऊन जवसाचा डबा काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "अवं, जवस चटणीत टाकाचं असते. डोयावर काय ठेवतं?"

वजन किती, आणि डोळ्यावर का नाही

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते, कारण कापड कापण्याच्या आधी ती डोक्यात पक्की हवी. पट्टीनं डोळा दाबायचा नाही. वजन भुवईच्या हाडावर आणि गालाच्या हाडावर टेकलं पाहिजे. बुबुळावर फक्त कापड असावं.

डोळा दाबला की मन शांत होतं, असं कुणी कुणी सांगतं. त्यामागे एक खरी गोष्ट आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. १९०८ साली व्हिएन्नाच्या आश्नर आणि बोलोन्याच्या दान्यिनी या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं दाखवून दिलं की डोळ्याच्या गोळ्यावर दाब आला की हृदयाचे ठोके मंदावतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी नस आणि हृदयाचा वेग कमी करणारी दहावी, म्हणजे व्हेगस, यांचा तिथे संबंध येतो. पूर्वी फार वेगानं धडधडणारं हृदय ताळ्यावर आणायला डॉक्टर मंडळी डोळे दाबून बघायची. पुढे ते सोडून दिलं, कारण त्यात डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. तेव्हा जे डॉक्टरांनी दवाखान्यात सोडलं, ते आपण घरी इलास्टिक आवळून करायचं नाही.

मी स्वतः ही चूक केली आहे. पहिली पट्टी मी तीनशे ग्रॅमची केली, वर रुंद इलास्टिक लावलं, आणि ती लावूनच झोपले. तासाभरानं उठले तर उजव्या डोळ्याला सगळं धुरकट. भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं, तारखा दिसत नव्हत्या. दहा-पंधरा मिनिटांत नजर पूर्ववत झाली, पण तेवढ्यात मी पुरती गारठले होते. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक होतं, आणि त्यांनीच ते हाडाचं सांगितलं. ती पट्टी मी त्याच दिवशी उसवली.

आता माझं माप असं: एकूण वजन १७५ ग्रॅम. दोन डोळ्यांच्या कप्प्यांत ८०-८० आणि मधे नाकावर १५. लहान चणीच्या बाईला मी ६०-६० भरते. दोनशेच्या वर कुणालाच नाही, कितीही आग्रह केला तरी. पाव किलो जवस आणलं की एक पट्टी होऊन थोडं चटणीलाही उरतं.

जवसच का, तर दाणा चपटा आणि गुळगुळीत असतो, एकावर एक घसरत चेहऱ्याच्या खाचेत बसतो. तांदूळ भरून बघितले, ते टोचतात आणि एका जागी ढीग होऊन राहतात. मोहरी गोल, ती इकडून तिकडे धावते. आणि खरं सांगायचं तर जवस आमच्याकडचं आहे. भंडारा-गोंदियाकडे धान कापायच्या आधीच, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ओल असताना, उभ्या धानात जवस फेकतात, त्याला उतेरा म्हणतात. निळी फुलं येतात. याच जातीच्या झाडाच्या खोडापासून लिननचं कापड होतं, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हापासून त्या दाण्याकडे मी जरा वेगळ्या आदरानं बघते.

कापणं आणि शिवणं

दोन गोष्टी शिवायच्या आहेत: आतली थैली, जिच्यात जवस राहतं आणि जी जवस आत असताना कधीही धुवायची नाही, आणि बाहेरची खोळ, जी आठवड्याला धुवायची.

आतल्या थैलीला केंब्रिक किंवा दाट विणीचं पॉपलिन घ्या. मलमल नको, जवसाच्या दाण्याला एका टोकाला बारीक चोच असते, ती विरळ कापडातून बाहेर येते आणि मग पापणीला लागते. कोरं कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, म्हणजे नंतर आटणार नाही. १० इंच बाय ५ इंचाचे दोन तुकडे कापा. सगळीकडून अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, धरली की तयार थैली ९ बाय ४ होते.

सुलट बाजू आत ठेवून खालची लांब कड आणि दोन्ही आखूड कडा शिवा. वरची लांब कड पूर्ण उघडी ठेवा. मशीनचा टाका बारीक ठेवा आणि त्याच टिपेवरून दुसरी टीप मारा. कोपऱ्यांतली जादा माया कातरा, थैली सुलटवा, कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकानं बाहेर काढा. आता खडूनं दोन उभ्या रेघा आखा: डावीकडून पावणेचार इंचांवर एक, उजवीकडून पावणेचार इंचांवर दुसरी. मधे दीड इंच उरेल, तो नाकाचा कप्पा. या दोन्ही रेघांवरून वरपासून खालपर्यंत टीप मारा. या दोन टिपा फार लोक टाळतात, आणि मग पट्टी कुशीवर झाली की सगळं जवस एका कानाकडे जमा होतं. कप्पे केलेच पाहिजेत.

जवस भरण्याआधी बारीक चाळणीतून चाळा, काडीकचरा निवडा, आणि एक दिवस सावलीत सुपात पसरून ठेवा. धुवू नका. जवसाला पाणी लागलं की बुळबुळीत चिकट होतं आणि ते परत कधीच मोकळं होत नाही. भाजूही नका. घरचा स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर त्यावर तोला, नसेल तर किराणा दुकानातून ८०, ८० आणि १५ ग्रॅमच्या तीन पुड्या बांधून आणा, दुकानदार देतात. वहीच्या कागदाचं नरसाळं करून एकेक कप्पा भरा. भरलेला कप्पा गच्च दिसता कामा नये. तो दोन्ही तळव्यांत धरून हलवला की जवस मधून बाजूला सरकलं पाहिजे. हीच मोकळीक पुढे डोळ्याला वाचवते: डोळा वर आलेला असतो, दाणे आपोआप त्याच्या कडेकडेला खाचेत उतरतात आणि हाडावर टेकतात.

वरची कड आत दुमडून हातानं शिवा. मशीनखाली दाणे अडकून सुई मोडते.

खोळीचं कापड हा माझा आवडीचा भाग. चेहऱ्याकडच्या बाजूला जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा घ्या, शेकडो वेळा धुतलेला. नवं, कितीही महाग कापड तेवढं मऊ नसतं. साटीन दिसायला छान दिसतं म्हणून मुली मागतात, पण आमच्या उन्हाळ्यात त्यावर घाम साचतो आणि पट्टी गालावरून घसरते. एका ताईंनी त्यांच्या गेलेल्या आईचं नऊवार पातळ आणून दिलं होतं. त्यातून मी तीन खोळी केल्या, तीन बहिणींसाठी. पातळाचा काठ कुणाच्या डोळ्यावर येणार नाही, बाहेरच्या बाजूलाच दिसेल, असा कापायला मला अख्खी दुपार लागली. जाड सूत हवं असेल तर आमच्या मगन संग्रहालयात हातमागाची, वनस्पतीच्या रंगांत रंगवलेली खादी मिळते. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेलं ते ठिकाण आहे. मी तिथला कापड-तुकडा बाहेरच्या बाजूला वापरते.

पुढच्या भागासाठी साडेदहा बाय साडेपाच इंचाचा तुकडा, त्याच्या आतून तेवढंच काळं अस्तर. काळं अस्तर नसेल तर दुपारचा उजेड पांढऱ्या कापडातून आणि पापणीतूनही आत येतो, लालसर दिसत राहतं. मागच्या भागासाठी पावणेसात बाय साडेपाचचे दोन तुकडे, प्रत्येकाची एक आखूड कड अर्धा इंच दुमडून शिवलेली. उशीच्या खोळीला जसे मागचे दोन पल्ले एकमेकांवर येतात तसे हे दोन इंच एकमेकांवर येतील, आणि थैली तिथून आत सरकवता येईल. हा पल्ला चेहऱ्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला.

आता नाड्या. दोन्ही सारख्या लांबीच्या करू नका. एक वीस इंचाची, एक दहा इंचाची. सारख्या केल्या की गाठ बरोबर डोक्याच्या मागे येते आणि उताणं झोपलं की टोचते. लहान-मोठ्या केल्या की गाठ एका कानाच्या वर बाजूला येते, तिथे काही टोचत नाही. नाडी अर्धा इंच रुंद, त्याच मऊ कापडाची, आणि आखूड कडेच्या मध्यापासून जरा वर लावलेली. इलास्टिक मी पुन्हा कधी लावलं नाही. इलास्टिक किती ओढतं ते आपल्याला कळत नाही, नाडीची गाठ आपण आपल्या हातानं मारतो.

बांधून बघणं

चष्मा काढा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या काढल्याशिवाय पट्टी हातात घेऊच नका. उताणं झोपा, पट्टी आधी भुवईवर टेकवा आणि मग खाली सोडा. खालून वर सरकवली की गालाचं कातडं वर ओढलं जातं आणि वजन नेमकं डोळ्यावर येतं. नाडीची सुरगाठ मारा. नाडीखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. झोपलेलं असताना खरं तर नाडीची गरज कमीच असते, ती फक्त कूस बदलली तर पट्टी पडू नये म्हणून.

आता मिटल्या डोळ्यांनी डावीकडे बघा, उजवीकडे बघा. पापणीखाली डोळा मोकळा फिरला पाहिजे. अडतोय असं वाटलं तर दोन्ही कप्प्यांतून दहा-दहा ग्रॅम काढा आणि परत बघा. दहा मिनिटांनी पट्टी काढल्यावर धुरकट दिसलं, चमकल्यासारखं झालं, डोळा दुखला, तर ती पट्टी तुमच्यासाठी जड आहे. वजन कमी करूनही तसंच होत असेल तर पट्टी बंद करा आणि डोळे तपासून घ्या.

काही जणांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी लावूच नये. काचबिंदू असलेल्यांनी, डोळ्याच्या पडद्याचा काही त्रास झालेल्यांनी, खूप जाड नंबरचा चष्मा असलेल्यांनी, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी. डोळे आले असतील तर बरे होईपर्यंत नाही, आणि एकाची पट्टी दुसऱ्याला कधीच नाही. लहान मुलांच्या डोळ्यांवर वजन ठेवायचं नाही. आमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पहिल्यांदा नाक मुरडणाऱ्या त्याच सासूबाई महिनाभरानं विचारायला लागल्या, "माही पट्टी कधी देतं?" डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीत हो म्हटलं, तेव्हाच त्यांची शिवली, चाळीस-चाळीस ग्रॅमची.

केव्हा आणि कशी लावायची

धडधड सुरू झाल्यावर धावत जाऊन पट्टी बांधण्यात अर्थ नाही. ऐन घबराटीत डोळ्यांपुढे अंधार केला की पुष्कळांना जास्त गुदमरतं. तेव्हा डोळे उघडेच ठेवा, पाय जमिनीवर नीट टेकवा, समोरच्या वस्तूंची नावं घ्या, श्वास हळू सोडा. पट्टीची वेळ त्याच्या आधीची. माझा त्रास दिवेलागणीला व्हायचा, म्हणून मी साडेपाचला लावायचे. तुमची वेळ तुम्हाला आठवडाभर लिहून ठेवल्यावर कळेल.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घरात सांगून ठेवा की पंधरा मिनिटं हाक मारू नका. गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेलं घोंगडं, म्हणजे कंबर सैल होते. पहिलं एक मिनिट काहीच करू नका, श्वासही मुद्दाम घेऊ नका. मग मनात चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. हे साधारण मिनिटाला सहा श्वास होतात. मोजणं जड वाटलं तर फक्त बाहेर जाणारा श्वास लांबवा. दर श्वासाला एक जागा सोडायची: आधी भुवयांचा मधला भाग, मग पापण्या, मग जबडा, मग जीभ. जीभ टाळूला चिकटलेली असते, ती खाली पडली की डोळ्यांच्या कडाही सुटतात. असं का होतं हे मला समजावून सांगता येणार नाही, पण मी ज्यांना ज्यांना करायला सांगितलं त्यांनी परत येऊन हेच सांगितलं.

काढताना डोळे मिटलेलेच ठेवा, तळवे एकमेकांवर चोळून डोळ्यांपुढे पोकळ धरा, आणि त्या सावलीत डोळे उघडा. लगेच उभं राहू नका, कुशीवर होऊन मग उठा.

ज्यांना डोळे झाकणंच सहन होत नाही, त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं. एक मुलगी माझ्याकडे पट्टी घ्यायला आली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. मी माप घ्यायला नुसता कापडाचा तुकडा तिच्या डोळ्यांवर धरला तर तिचा हात झटकन वर आला आणि तिनं माझं मनगट धरलं. बोटं थंडगार. मी कापड खाली ठेवलं. तिला विचारलं काही नाही, चहा ठेवला. मग तयार पट्टी तिच्या कपाळावर ठेवून बघितली, डोळे उघडे, नाडी नाही. तिनं छताकडे बघत पाच-सात मिनिटं काढली आणि म्हणाली, "असं चालेल का हो ताई?" का नाही चालणार? कपाळावर ठेवा, छातीवर ठेवा, नुसती दोन्ही तळव्यांत धरून बसा. डोळे झाकलेच पाहिजेत असा काही नियम नाही. तिला मी शंभर ग्रॅमची, बिननाडीची करून दिली.

आणखी एकीनं पट्टी एसटीत लावायला मागितली होती, नागपूरला रोज जाणं-येणं करणारी. बसून लावायला जवस चालत नाही. वजन खाली ओढतं, ते थांबवायला नाडी घट्ट करावी लागते, आणि परत तेच, डोळा दाबला जातो. बसून लावणाऱ्यांसाठी मी बिनवजनाची करते. काळ्या सुती कापडाचे दोन थर, मधे पातळ फोम, खालून नाकासाठी अर्धगोल काप, आणि दोन्ही डोळ्यांच्या जागी वरून एक, खालून एक असे पाऊण-पाऊण इंचाचे टक्स. ब्लाउजला घेतो तसेच. टक्समुळे कापड फुगून वाटीसारखं होतं, पापणीचे केसही कापडाला लागत नाहीत. हिला मात्र मऊ इलास्टिक चालतं, कारण ओढ फोमच्या कडेवर येते. बसमध्ये लावायची तर पर्स पोटाशी धरून आणि शेजारी ओळखीचं कोणी असेल तरच.

विकतच्या वस्तूंबद्दल लोक विचारतात, म्हणून थोडक्यात. डोळ्यांना मसाज करणारं, गरम होणारं, आत गाणी वाजणारं यंत्र मला भेट मिळालं होतं. त्याची थरथर कानशिलावर सुरू झाली की मला माझीच धडधड मोठ्यानं ऐकू आल्यासारखं व्हायचं. तीन मिनिटांत काढलं. कुणाला ते मानवतही असेल, पण हवेनं दाब देणारं यंत्र डोळ्याचा त्रास असलेल्यांनी लावू नये. उजेडाची उघडझाप करणारे चष्मे फिट येणाऱ्या माणसानं तर अजिबात लावायचे नाहीत, तसा उजेड फिट आणू शकतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचं म्हणाल तर २०२३ साली कॉक्रेन या संस्थेनं सतरा चाचण्या एकत्र तपासल्या, आणि संगणकावर काम करून येणारा डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होतो असं काही निदान थोड्या काळात तरी दिसलं नाही. त्याच वर्षी कार्डिफच्या संशोधकांचं काम आलं, रात्री साधी डोळेझाकणी लावून झोपलेल्या तरुण मंडळींचं शिकणं आणि सावधपणा दुसऱ्या दिवशी बरा होता. म्हणजे उपयोग झाला तो अंधाराचा. चिंता कमी होते असं त्यात कुणी म्हटलेलं नाही, आणि मीही माझ्या पट्टीबद्दल तसं म्हणत नाही. तुमची झोप, जेवण, काम बिघडत चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. जायला धीर होत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक त्रासासाठीचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मी माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पट्टीच्या पिशवीत हा क्रमांक चौकोनी कागदावर लिहून घालते.

ऊब, गारवा आणि सांभाळणं

थंडीत पट्टी गच्चीवर अर्धा तास उन्हात ठेवली की पुरेशी कोमट होते. तव्यावर ठेवू नका. जवसात तेल भरपूर असतं, जास्त गरम झालं की ते खवट होतं आणि मधला भाग बाहेरून कळत नाही इतका तापतो. मायक्रोवेव्ह असेल तर खोळ काढून, शेजारी वाटीभर पाणी ठेवून वीस सेकंद, त्याहून जास्त नाही. कसंही कोमट केलं तरी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघा, बाळाचं दूध बघतो तसं. तिथे "गरम" वाटलं तर पापणीसाठी ते फारच झालं.

आमचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा असतो. तेव्हा पट्टी झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अर्धा तास. डबा हवाच, नाहीतर ओल धरते. बर्फाच्या कप्प्यात नाही.

वासासाठी जवसात अत्तर किंवा तेलाचे थेंब टाकू नका, डोळे चुरचुरतात आणि खोळीला डाग पडतो. मी पट्टी ठेवायच्या डब्यात वाळ्याची एक जुडी ठेवते. रात्रभरात तेवढा वास लागतो, आणि माठातल्या पाण्याची आठवण येते. पावसाळ्यात डब्यात कडुनिंबाची वाळलेली पानं, आणि ऊन पडेल त्या दिवशी पट्टी बाहेर.

खोळ दर आठवड्याला साध्या साबणानं धुवा, सुगंधी पावडर नको. आतलं जवस वर्षाला बदला. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवं जवस निघतं, होळीच्या आसपास बाजारात येतं, तेव्हा मी घरातल्या सगळ्या पट्ट्या उसवते. जुनं जवस खायचं नाही, वर्षभर घाम पिऊन झालेलं असतं, ते कुंडीतल्या मातीत मिसळून टाकते. थैली रिकामी झाली की तिला वर्षातून एकदाच पाणी दाखवते, दोन दिवस कडक उन्हात वाळवते, आणि नवं जवस मुठीतून सोडून, दोन दाणे चावून बघून भरते. वरची कड दर वेळी हातानंच शिवते, जरा मोठ्या टाक्यांनी, म्हणजे पुढच्या होळीला उसवायला सोपी जाते.